दुकान, कचेरी आणि माणसाची जागा

(ध्वनिक्षेपित भाषण)



घराची सजावट हा आपल्या नित्याच्या बोलण्यांतला विषय आहे. पडदे कोणत्या रंगाचे असावे, भिंतीवर तसबिरी किती लावाव्या, याची चर्चा घरोघर चालते. परंतु नोकरी किंवा धंदा करणाऱ्या माणसाचे जागेपणाचे सुमारें निम्मे तास घराबाहेर, म्हणजे दुकानांत, पेढीवर, बँकेंत नाहीं तर कचेरींत जातात. त्या जागांच्या आंतील मांडणीचा विचार मात्र आपण क्वचितच करतों. ती कोणी तरी केली आणि आपण ती सोसली, एवढाच आपला तिच्याशीं संबंध. आज या मांडणीविषयीं चार गोष्टी सांगण्याचें मीं योजिलें आहे.

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, दुकानाची किंवा कचेरीची अंतर्रचना म्हणजे शोभा. खऱ्या छताखालीं एक खोटें छत लावावें, त्यांत दिवे लपवावे, दर्शनी भिंत कांचेची करावी, फरशी आरशासारखी चकाकावी, कीं झाली आधुनिक सजावट! शोभेला माझा विरोध नाहीं. परंतु शोभा ही या कलेची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. या जागेंत कोण काय काम करणार, तें करतांना तो कोठें बसणार, कोठें उभा राहणार, त्याला काय दिसणार आणि काय ऐकूं येणार, हें ठरविणें ही पहिली पायरी होय. अंतर्रचना ही एक मुकी आज्ञा असते. 'येथें थांबा' अशी पाटी नसली तरी काउंटर आडवा आला कीं आपण थांबतों. खुर्ची दिसली नाहीं, कीं 'बसूं नका' असें कोणीं न सांगतांही आपण उभे राहतों. म्हणून एखाद्या दुकानाची किंवा कचेरीची पारख करावयाची असेल, तर सर्वांआधीं एक साधा प्रश्न विचारावा: येथें बसतें कोण, आणि उभें कोण राहतें?

हा प्रश्न प्रथम आपल्या जुन्या पेढीला लावून पाहूं. जमिनीपासून हात-दीड हात उंच अशी लाकडी बैठक, तीवर गादी, गादीवर पांढरी चादर, मागें लोड, पुढें मुनीमाचें उतरतें मेज आणि उजव्या हाताला गल्ला, असें तिचें रूप होतें. दुकानदार गादीवर बसे. गिऱ्हाईकही पादत्राणें खालीं काढून त्याच गादीवर बसे. माल गिऱ्हाइकाकडे येई. गिऱ्हाइकाला मालाकडे जावें लागत नसे. लुगडीं आणि शालू विकणाऱ्या अनेक दुकानांत ही बैठक अजून टिकून आहे, आणि ती केवळ जुन्याच्या प्रेमानें टिकलेली नाहीं. लुगडें नऊवारी असो कीं पांचवारी, तें पसरून पाहिल्यावांचून पदर कळत नाहीं, काठ कळत नाहीं. पसरावयाला जागा लागते, पाहावयाला वेळ लागतो, आणि बसलेल्या माणसालाच वेळ असतो. काम आणि मांडणी यांचा मेळ बसला म्हणजे मांडणी दीर्घायुषी होते, याचें हें घरचें उदाहरण आहे.

परंतु जुन्याचे गोडवे गातांना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. त्या दुकानांत उजेड कमी असे. मालाच्या किंमती लिहिलेल्या नसत. त्याहून मोठा दोष हा कीं, त्या गादीवर बसण्याचा मान सर्वांना नव्हता. ज्या जातींना समाजानें अस्पृश्य ठरविलें होतें, त्यांतील गिऱ्हाइकाला पायरीखालीं उभें राहून, पैसे लांबून ठेवून माल घ्यावा लागे. पैसे तेच, माल तोच. परंतु एकाला गादी आणि दुसऱ्याला रस्ता. दुकानाच्या मांडणींत समाज आपलें मन कसें उघडें करून ठेवतो, हें यावरून कळेल.

याच्या उलट बाजूचें उदाहरण मुंबईंतलेंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणांतून आलेल्या लोकांनीं मुंबईंत चहाचीं उपाहारगृहें थाटलीं. तीं बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावर असत, त्यामुळें दोन बाजूंनीं उजेड आणि वारा येई. संगमरवरी फळीचीं मेजें, भिंतींवर मोठाले आरसे, आणि वाफेनें वांकविलेल्या लाकडाच्या काळसर खुर्च्या, हें त्यांचें सामान. या खुर्चीचें घराणें थोर आहे. मिखाएल टोनेट या कारागिरानें १८५९ सालीं ज्या नमुन्याची खुर्ची बाजारांत आणली, ती केवळ सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट यांची होती, आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर पेटींत मावत. म्हणूनच ती स्वस्त झाली आणि जगभर गेली. आरशांचें कामही दुहेरी होतें: उजेड खोलींत पसरे, आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला पाठीमागचें मेजही दिसे. एका कपाच्या किंमतींत कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला तेथें संगमरवरी मेजाशीं बसावयास मिळे. समतेवर तेथें कोणी व्याख्यान दिलें नाहीं. खुर्च्या मात्र सर्वांसाठीं सारख्या मांडल्या.

आतां थोडे पश्चिमेकडे वळूं, कारण आजच्या मोठ्या दुकानांचा आराखडा तिकडून आला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेंतील किराणा-दुकानांतही गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभें राही, आणि नोकर मागच्या फळ्यांवरून एकेक जिन्नस काढून देई. सप्टेंबर १९१६ मध्यें टेनेसी राज्यांतील मेंफिस शहरीं क्लॅरेन्स साँडर्स या व्यापाऱ्यानें 'पिगली विगली' नांवाचें दुकान उघडलें आणि मधला काउंटरच काढून टाकला. गिऱ्हाइकानें फिरत्या आडकाठींतून आंत शिरावें, टोपली घ्यावी, आंखून दिलेल्या वाटेनें सर्व फळ्यांपुढून जावें, हवें तें स्वतःच्या हातानें उचलावें, आणि शेवटीं एका ठिकाणीं पैसे देऊन बाहेर पडावें, अशी त्याची योजना होती. या योजनेला १९१७ सालीं पेटंट मिळालें. तें पेटंट एखाद्या यंत्राचें नव्हतें. दुकानाच्या आराखड्याचें होतें. पुढें १९३७ सालीं ओक्लाहोमा शहरांतील सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या ध्यानांत आलें कीं, हातांतली टोपली जड झाली म्हणजे खरेदी थांबते. त्यानें टोपलीला चाकें लावलीं, आणि आज सर्वत्र दिसणारी ढकलगाडी जन्मास आली.

तेव्हांपासून ही विद्या फार सूक्ष्म झाली आहे. अधिक नफ्याचा माल डोळ्यांच्या उंचीच्या फळीवर ठेवावा. रोजच्या गरजेचा माल आंत ठेवावा, म्हणजे तेथवर जातांना वाटेंतला इतर माल नजरेखालून जातो. पैसे देण्याच्या रांगेपाशीं लहान मुलांचा हात पोहोंचेल अशा बेतानें गोळ्या-चॉकलेटें मांडावीं. असे तिचे नियम आहेत. महाराष्ट्रांत २००२ सालीं पवई येथें डी-मार्टचें पहिलें भांडार निघालें, आणि अशा तऱ्हेचीं दुकानें आतां लहान शहरांतही दिसूं लागलीं आहेत. त्यांचे फायदे खरे आहेत. प्रत्येक वस्तूवर किंमत छापलेली असते. ती सर्वांना सारखी असते. कोणालाही पायरीखालीं उभें राहावें लागत नाहीं. मात्र आपला प्रश्न येथेंही विचारावयाचा आहे. येथें बसतें कोण? उत्तर असें आहे कीं, बहुतेक ठिकाणीं कोणीच बसत नाहीं. गिऱ्हाईकही उभें आणि नोकरही उभा. फरक एवढाच कीं, गिऱ्हाईक अर्ध्या-पाऊण तासानें घरीं जातें, आणि नोकर, बहुधा एखादी तरुण मुलगी, रात्रीं दुकान मिटेपर्यंत तेथेंच उभी असते.

मीं जन्मभर फळ्यापुढें उभें राहून शिकविलें, म्हणून हा विषय मला केवळ पुस्तकी वाटत नाहीं. तरीही शिक्षकाला तास संपल्यावर बसावयास खुर्ची असते, आणि शिकवितांना तो वर्गांत फिरतो. एका जागीं निश्चल उभें राहणें ही गोष्ट निराळी आहे. चालतांना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायांतील रक्त पिचकारीसारखें वर ढकलतात. निश्चल उभें राहिल्यास ही पिचकारी थांबते, रक्त खालीं सांचतें, पाय सुजतात. वर्षानुवर्षें असें चाललें तर शिरा फुगण्याचा आणि कंबर दुखण्याचा विकार जडण्याचा संभव वाढतो. दिवसभर बसून राहणेंही हितकर नाहीं. शरीराला हवा असतो पालट: कांहीं वेळ बसावें, कांहीं वेळ उभें राहावें, थोडें चालावें. तो पालट घेण्याची मुभा माणसाला देणें किंवा न देणें हें मांडणीच्या हातीं असतें.

ही मागणी आजची नाहीं. इंग्लंडांत १८९९ सालीं दुकानांतील नोकरांच्या आसनांविषयीं एक कायदा झाला. दर तीन स्त्री-नोकरांमागें निदान एक आसन ठेवलेंच पाहिजे, असें त्यानें ठरविलें. आपल्या देशांत १९४८ च्या कारखाना-कायद्यानें, ज्यांना उभ्यानें काम करावें लागतें अशा कामगारांसाठीं बसण्याची सोय ठेवण्याचें बंधन घातलें. परंतु दुकान म्हणजे कारखाना नव्हे. केरळांत कोळिकोड येथें मिठाई-रस्ता या नांवाची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. तेथील दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं संघटित केलें. त्यांच्या मागण्या दोन होत्या: शौचाला जाण्याची सोय आणि बसावयाला जागा. इतक्या साध्या गोष्टींसाठीं वर्षेंच्या वर्षें झगडावें लागलें. अखेर २०१८ सालीं केरळ सरकारनें दुकानांविषयींच्या कायद्यांत दुरुस्ती करून बसण्याच्या सोयीचें बंधन घातलें. २०२१ सालीं तामिळनाडूनें तोच मार्ग धरला.

बसलेला नोकर गिऱ्हाइकाला आळशी दिसतो, असें यावर दुकानदार म्हणतात. परंतु आपल्या लुगड्यांच्या दुकानांत गादीवर बसलेला विक्रेता आपणांस कधीं आळशी वाटला आहे काय? जर्मनींतील किराणा-भांडारांत पैसे घेणारा नोकर खुर्चीवर बसूनच काम करतो, आणि त्याच्या चपळाईची ख्याति आहे. अमेरिकेंत तेंच काम बहुधा उभ्यानें करतात. म्हणजे हा प्रश्न कामाच्या गरजेचा नसून संवयीचा आहे.

या ठिकाणीं आराखडा करणाऱ्याची खरी कसोटी लागते. कायदा झाला म्हणून दुकानदार एक प्लॅस्टिकचें स्टूल विकत आणतो. पण तें ठेवावयाला जागा नसते, आणि ठेवलें तर बसणाऱ्याचे गुडघे काउंटरच्या कपाटावर आदळतात. बसण्याची जागा प्रथमपासून आंखावी लागते. काउंटर ९० सेंटिमीटर उंच असेल, तर आसन ६० ते ६५ सेंटिमीटर उंचीचें हवें, म्हणजे बसलेल्याची आणि उभ्या गिऱ्हाइकाची नजर फारशी वरखालीं होत नाहीं. पाय टेकावयास खालीं आडवी दांडी हवी. आणि काउंटरची वरची फळी आंतल्या बाजूस वीतभर पुढें काढलेली हवी, म्हणजे गुडघे तिच्याखालीं जातात. या सर्वांचा खर्च खोट्या छतांतील दोन झगमगीत दिव्यांपेक्षां फार अधिक होणार नाहीं.

दुकान येथें सोडून कचेरीकडे वळूं. कचेरींत कारकुनाला खुर्ची मिळतेच. तेव्हां तेथें प्रश्न थोडा बदलतो. खुर्ची त्याची आहे काय, आणि तींत बसून त्याला मन लावून काम करतां येतें काय, असें तेथें विचारावें लागतें. १९०६ सालीं अमेरिकेंतील बफलो शहरीं फ्रँक लॉइड राइट या विख्यात स्थपतीनें लार्किन कंपनीची कचेरी बांधली. मध्यें वरपर्यंत मोकळा, छतांतून उजेड घेणारा चौक आणि सभोंवार मजले, अशी ती भव्य रचना होती. तेथील मेजांना त्यानें लोखंडी आसनें बिजागरीनें जोडून टाकलीं. फरशी झाडणाऱ्याची त्यामुळें मोठी सोय झाली. पण कारकुनाला आपली खुर्ची मनाजोगी मागेंपुढें ओढतां येईना! पुढें १९३९ सालीं पुऱ्या झालेल्या जॉन्सन कंपनीच्या कचेरीसाठीं त्याच राइटनें तीन पायांची खुर्ची योजिली. नीट तोल सांभाळून बसलें नाहीं तर ती कलंडे. म्हणून मागाहून तिला चौथा पाय द्यावा लागला. इमारत डोळ्यांना कितीही सुंदर दिसो, खुर्चीची परीक्षा बसणाराच घेतो.

यानंतरचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्मनींत एबरहार्ड आणि वुल्फगांग श्नेले या बंधूंनीं असें सुचविलें कीं, कचेरींतील भिंती काढाव्या, साहेब आणि कारकून यांच्यांतील दाराचा अडसर नाहींसा करावा, आणि कागद ज्या मार्गानें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातात त्या मार्गानें मेजें मांडावीं. हेतु चांगला होता. अमेरिकेंत हर्मन मिलर कंपनीसाठीं काम करणाऱ्या रॉबर्ट प्रॉप्स्ट यानें दुसऱ्या बाजूनें विचार केला. प्रत्येक माणसाला थोडा एकांत, वस्तु मांडावयाला फळ्या, आणि वाटेल तेव्हां उभें राहून काम करण्याची सोय असावी, असें त्याचें मत होतें. त्याचा पहिला संच १९६४ सालीं आणि आडोशाच्या सुट्या तावदानांचा दुसरा संच १९६८ सालीं निघाला. तीं तावदानें मोकळ्या, रुंद कोनांत लावावीं, असा त्याचा मानस. पण कंपन्यांनीं तीं काटकोनांत लावलीं. कारण चौकोनी खोपट्या केल्या म्हणजे तेवढ्याच जागेंत अधिक माणसें मावतात. माणसाला मोकळीक देण्यासाठीं निघालेल्या सामानाचा असा कोंडवाडा झाला, आणि प्रॉप्स्टनें स्वतः उतारवयांत त्यावर कडक टीका केली.

मग या खोपट्यांचा कंटाळा येऊन लांबच लांब मेजें आणि सताड मोकळे दालन यांची लाट आली. हिंजवडीला किंवा बंगळूरला कामाला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही मांडणी चांगली परिचयाची आहे. भिंती गेल्या म्हणजे माणसें एकमेकांशीं अधिक बोलतील, असें तिचें समर्थन करण्यांत येतें. ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या दोघांनीं दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्यांत, मोकळें दालन होण्यापूर्वीं आणि झाल्यानंतर, मोजमाप करून पाहिलें. त्यांचा निबंध २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. समोरासमोरचें बोलणें वाढलें नाहीं. तें सुमारें ७० टक्क्यांनीं घटलें, आणि पडद्यावरचे लेखी निरोप वाढले. याचें कारण शाळेंतल्या कोणत्याही मास्तराला सांगतां येईल. सगळ्यांच्या नजरेखालीं बसविलेलें मूल शेजाऱ्याशीं मोकळेपणानें बोलत नाहीं. तें पुस्तकांत डोकें खुपसतें. २०२० च्या साथीनंतर कित्येक ठिकाणीं नेमून दिलेलें मेजही गेलें. सकाळीं लवकर येईल त्यानें रिकामी असेल ती जागा धरावी. भाड्याची बचत होते, हें खरें. परंतु आपल्या कामाची एक ठराविक जागा आहे, या भावनेला कांहीं मोल आहे, याचाही हिशेब कोणीं तरी मांडला पाहिजे.

कचेरींत आणखी एक माणूस येतो, आणि आराखड्यांत त्याचा बहुधा विसर पडतो. तो म्हणजे काम घेऊन आलेला नागरिक. पुष्कळ जुन्या कचेऱ्यांत त्याच्यासाठीं कांचेला किंवा जाळीला छातीच्याही खालीं एक लहानसें भोंक ठेवलेलें असे. कागद सरकवावयाला तें पुरे. पण बोलावयाचें तर माणसाला कमरेंत वांकावें लागे. सत्तर वर्षांचा म्हातारा निवृत्तिवेतनाची चौकशी करावयास येतो आणि तरुण कारकुनापुढें वांकून उभा राहतो, हें दृश्य कोणीं मुद्दाम योजिलेलें नसेल. पण भोंक खालीं ठेवणाऱ्यानें तें घडविलें. त्या ठिकाणीं सखल मेज आणि अलीकडे-पलीकडे एकेक खुर्ची ठेवली, कीं तेंच काम बरोबरीच्या नात्यानें होतें.

आतां उजेड आणि आवाज यांविषयीं थोडें सांगतों, कारण तेही माणसाची जागा ठरवितात. लिहिण्यावाचण्याच्या कामाला मेजावर सुमारें ३०० ते ५०० लक्स इतका प्रकाश पुरतो; लक्स हें प्रकाशाचें माप आहे. भर उन्हांत तोच आंकडा एक लाखाच्या घरांत जातो. म्हणून खिडकीजवळचें मेज मिळावें असें प्रत्येकाला वाटतें, आणि म्हणूनच खिडक्या साहेबांच्या खोल्यांनीं अडवून कारकुनांना मधल्या अंधारांत बसविणें ही खोटी काटकसर होय. दुकानांत प्रकाशाच्या प्रमाणाइतकाच त्याचा गुणही महत्त्वाचा असतो. लुगडें घेतांना चतुर गृहिणी तें दाराशीं नेऊन दिवसाच्या उजेडांत पाहते. कापडावरून परतणारा रंग हा त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असतो, आणि कांहीं दिव्यांच्या प्रकाशांत कित्येक छटा कमी असतात. रंग खरे दाखविण्याची दिव्याची पात्रता गुणांनीं सांगतात. तींत १०० हे पूर्ण गुण. कापडाच्या किंवा रंगाच्या दुकानांत ९० गुणांहून वरचे दिवे लावावे. गिऱ्हाइकाला दाराशीं जावें लागलें नाहीं, म्हणजे दिवे प्रामाणिक आहेत असें समजावें.

आवाजाची गोष्ट अशी. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत फॉग संग्रहालयाचें नवें व्याख्यानगृह बांधून झालें, पण त्यांत शब्द इतका वेळ घुमे कीं वक्त्याचें बोलणें समजेना. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाला त्याचा शोध लावावयास सांगण्यांत आलें. त्यानें जवळच्या एका नाट्यगृहांतील आसनांवरच्या गाद्या रात्रीं उचलून आणल्या, एकेक वाढवीत खोलींत मांडल्या, आणि प्रत्येक वेळीं नाद किती क्षणांत विरतो तें मोजलें. गाद्या जितक्या अधिक, तितका नाद लवकर विरे. ध्वनिशास्त्राची एक शाखा अशी गाद्यांवर उभी राहिली! आपल्या जुन्या पेढीवर गादी, लोड आणि कापडाचे तागे असत. म्हणून तेथें भाव हळू आवाजांत ठरविता येई. आजच्या दुकानांत कांच, ग्रॅनाइट आणि गुळगुळीत छत. सर्वच पदार्थ आवाज परतविणारे. तेथें चार माणसें बोलूं लागलीं कीं पांचव्याला ओरडावें लागतें, आणि संध्याकाळपर्यंत नोकराचें डोकें दुखूं लागतें. एखादा जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, छताला छिद्रें असलेले मऊ फळे, एवढ्यानेंही पुष्कळ फरक पडतो.

शेवटचा मुद्दा दाराचा. दुकानाला एकच पायरी असली तरी चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाला ती भिंतीसारखी असते. उतरण करावयाची तर उंचीच्या बारापट लांबी हवी, असा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीसाठीं १८० सेंटिमीटर उतरण. दार निदान ९० सेंटिमीटर रुंद असावें, आणि आंत खुर्ची वळविण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असावी. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीं आपल्याकडे २०१६ सालीं कायदा झाला आहे. परंतु कायद्याचें स्मरण न देतांही हें करावें, कारण मीं आतां सांगितलेली जुनी पायरी आपण विसरतां कामा नये. तेव्हां पायरीखालीं कोणाला उभें करावें हें जातीवरून ठरे. आज तें कोणीं ठरवीत नाहीं, तरी केवळ विचार न केल्यामुळें पायरीखालीं माणसें राहतात. ज्याला तेथें थांबावें लागतें त्याचें दुःख त्यामुळें कमी होत नाहीं.

श्रोत्यांपैकीं कोणी नवें दुकान थाटणार असतील, कोणाच्या मुलाचा दवाखाना किंवा मुलीची वकिलीची कचेरी निघावयाची असेल. त्यांना मी एक छोटासा अभ्यास देतों. मास्तराची ती संवय आहे. रंगांचे आणि दिव्यांचे नमुने पाहण्यापूर्वीं जागेचा आराखडा एका कागदावर काढा. त्यावर त्या जागेंत येणाऱ्या प्रत्येक माणसासाठीं एक टिंब द्या: मालक, गिऱ्हाईक, काउंटरमागची मुलगी, पोऱ्या, झाडणारी बाई, गिऱ्हाइकाबरोबर आलेली त्याची म्हातारी आई. प्रत्येक टिंबाशेजारीं लिहा, हा येथें किती वेळ असेल, आणि दमला तर कोठें बसेल. ज्या टिंबापुढें उत्तर लिहितां येणार नाहीं, तेथें आराखडा पुसून पुन्हां काढा. सर्वांना जागा मिळाल्यावर मग भिंतींना खुशाल हवा तो रंग द्या. तो शोभूनच दिसेल.